भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. पोटापाण्यासाठी तो अर्जांवर चिकटवायचे फोटो काढतो. 'हनुवटी खाली, हसू नका' एवढंच दिवसभर बोलतो. पण रस्त्यात कुणा कलाकाराने चार दिवसांपुरतं काही मांडलंय, खांबांना स्वेटर घातलेत किंवा गल्लीवर छत्र्या टांगल्यात, असं कानावर आलं की दुकान माझ्या गळ्यात टाकून हा पसार.

त्याचे नियम आहेत आणि त्यापायी त्याने आमचं डोकं खाल्लं आहे. नुसत्या कलाकृतीचा फोटो काढायचा नाही. कुणीतरी आपल्याच नादात तिच्यात शिरेपर्यंत थांबायचं. स्वेटरवाल्या खांबाला टेकून कुणी फोनवर भांडलं पाहिजे, छत्र्यांखाली कुणाची पिशवी फाटली पाहिजे. आणि मांडलेल्या वस्तूला बोट लावायचं नाही. एकदा पाइपांच्या ढिगासमोर हा उन्हात ताटकळत उभा. शेवटी मजुरांनी पाइप उचलून खड्ड्यात उतरवले तेव्हा कळलं, ती कला नव्हती, गटाराचं काम होतं. ते फोटोही त्याने जपून ठेवलेत. खोटं कशाला बोलू, सुंदर आहेत.

मामी याला 'उन्हात उभं राहायची नोकरी' म्हणते. तिचा मात्र एकही फोटो दुकानात नाही. "मला कुठे अर्ज करायचाय?" म्हणत ती कायम टाळत आली. मामाला ते लागायचं.

मग आमच्याच रस्त्यावर एक कलाकार मुलगी आली. घरोघरच्या जुन्या खुर्च्या मागून तिने फुटपाथवर रांगेत मांडल्या, सगळ्यांची तोंडं कोऱ्या भिंतीकडे. मामा तेव्हा नेमका कुठेतरी भटकत होता. मामीने दुकानाच्या मागच्या खोलीतली, एक पाय डुगडुगणारी खुर्ची भंगार समजून देऊन टाकली. दुरुस्तीसाठी ठेवलेली ती फोटोचीच खुर्ची होती. अर्धं शहर तिच्यावर बसून गेलं होतं.

मामाने परत आल्यावर रांग बघितली आणि तो मटकन पायरीवर बसला.

"अहो, मागून आणा ना," मामी म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "देईल ती."

"मांडलेल्यातलं काढायचं नसतं," मामा म्हणाला. "एक फोटो घेतो. पण रिकाम्या खुर्चीचा नाही."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी खुर्च्या भंगारात जाणार होत्या. मामा सकाळपासून कॅमेरा घेऊन उभा. बाकीच्या खुर्च्यांवर लोक बसले, डुलक्या काढून गेले. हिच्यावर कुणी बसेना, पाय निखळायला आलेला दिसत होता ना. मी म्हटलं, "मी बसते."

"मी फोटोसाठी थांबलोय हे तुला माहीत आहे," तो म्हणाला. "ते बसणं नव्हे, पोज देणं झालं."

टेम्पो आला. माणसं पलीकडच्या टोकापासून खुर्च्या उचलू लागली. मामाचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात मामी दुकानातून बाहेर आली. सरळ त्या खुर्चीवर जाऊन बसली आणि डुगडुगत्या पायाच्या बाजूला स्वतःचा पाय रोवला. शेजारची खुर्ची उचलायला आलेल्या माणसाला म्हणाली, "जरा थांबा हो. आमचा फोटो व्हायचाय."

मामाच्या नियमात हे बसत नव्हतं. तिला सगळं माहीत होतं. तरी तो खुर्च्या आणि भिंतीच्या मधे शिरला, मांडलेल्यात त्याने पहिल्यांदाच पाय ठेवला, आणि तो तिच्यासमोर उभा राहिला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

"हनुवटी खाली घेऊ?" मामीने विचारलं.

"नको," मामा म्हणाला. "हसलीस तरी चालेल."

खुर्ची टेम्पोतून गेली. फोटो दुकानात लावला आहे. मामा आता त्याच्याच खाली उभा राहून गिऱ्हाइकांना 'हसू नका' म्हणतो, आणि गिऱ्हाइकं वर मामीकडे बघून हसतात.