पद्याच्या रेकॉर्डी

पद्याच्या पिंडाला कावळा शिवेना.

बाणगंगेवर दहावा. ऊन डोक्यावर आलेलं, गुरुजी सारखे घड्याळ बघतायत.

आज वर्ष झालं या गोष्टीला.

पद्या म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, डिलाईल रोडचा. नाद एकच. अगदी सुरुवातीच्या रॉक अँड रोलच्या जुन्या, रेअर रेकॉर्डी. चोरबाजार, माझगावची रिकामी होणारी घरं, कुठूनही शोधून आणायचा. पिशवी धरायला मी.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आजही नाही.

दहा बाय बाराची खोली. अर्धी भिंत त्याच्या कलेक्शनची, सुनंदावहिनींची भांडी पोटमाळ्यावर.

"सुनंदा, जरा बस ना इथे. अडीच मिनिटांचं तर गाणं असतं."

"माझी भाकरी करपतेय. आणि ही गाणी की बोंबाबोंब?"

अख्ख्या संसारात त्या एकदाही बसल्या नाहीत.

तर, कावळा.

पद्याचा भाऊ म्हणाला, "गावच्या घराचं मी बघतो." कावळा कठड्यावर ढिम्म.

मग मी हात जोडले. "पद्या, एकही रेकॉर्ड भंगारात जाऊ देणार नाही. शब्द."

मला वाटलं होतं, याचा जीव त्यातच अडकलाय. कावळ्याने मान फिरवली.

शेवटी वहिनी उठल्या. रडून रडून दमलेल्या, वर चिडलेल्या.

"पुरे झाला आता! बसेन मी. बसून ऐकेन तुमची ती गाणी. येवा!"

आणि तो उतरला.

कुणाला खरं वाटो न वाटो. मला स्वतःला खरं वाटत नाही. भूक लागली असेल कावळ्याला. पण वहिनींनी शब्द दिला आणि अडकलो मी. कारण त्यांना रेकॉर्ड प्लेअरच्या सुईला हात लावायची भीती वाटते.

म्हणून वर्षभर दर रविवारी घोडपदेवहून जातो. तीन जिने चढतो. गुडघे कुरकुरतात. रेकॉर्ड पुसतो, सुई ठेवतो.

वहिनी गॅस बंद करून, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारख्या खुर्चीत बसतात. न कळणारं गाणं आम्ही दोघं गपचूप ऐकतो. मग चहा. मग मी घरी.

खरं सांगतो, जीवावर येतं. पद्या नाही तर त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. दर रविवारी उतरताना ठरवतो, आता बस.

परवा गाणं संपलं. रेकॉर्ड नुसती फिरत राहिली, खरखर करत. मी उठलो नाही. खूप दमलो होतो.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एवढंच असतं हो?"

"एवढंच."

त्या फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत राहिल्या.

"एवढंच तर मागत होते हे."

पद्या, जा रे आता निवांत. रविवारचं मी बघतो.