व्हॅनवाल्या द्वारकाबाई

द्वारकाबाई लग्न होऊन धायरीत आल्या तेव्हा तिथं ज्वारीची रानं होती. आता त्याच रानांवर सोसायट्या झाल्यात आणि तिथल्या पोरांची शाळेत ने-आण करण्याचं काम त्या बारा वर्षं करतायत. नवरा गेल्यावर दिरांनी नाकं मुरडली, तरी त्या व्हॅन चालवायला शिकल्याच. कोणाचा डबा तसाच परत चाललाय, कोणाचं बिनसलंय, हे त्यांना समोरच्या आरशातून कळायचं.

नववीतली वल्लरी सगळ्यांत बडबडी. दिवाळीनंतर ती गप्प झाली. मागच्या सीटवरच्या तिघी मुली लपवून आणलेल्या मोबाईलमध्ये बघून फिदीफिदी हसायच्या, वल्लरी खिडकीकडे तोंड करून बसायची.

एका दुपारी सगळ्यांत शेवटी उतरताना तिनं आपली लाडकी रंगपेटी द्वारकाबाईंच्या हातात ठेवली. "तुमच्या नातीला द्या, काकू. मला आता नाही लागणार."

लाडकी वस्तू पोर अशी देऊन टाकतेय, हे द्वारकाबाईंना खटकलं. त्यांनी गाडी बंद केली.

"पोरी, खरं सांग. जीव द्यायचं मनात येतंय का?"

विचारलं आणि त्यांनाच वाटलं, भलतंच तर बोलले नाही ना? पण वल्लरीनं मान हलवून होकार दिला आणि ती हमसून रडायला लागली. कोणीतरी तिच्या नावानं खोटं अकाउंट काढून तिचे फोटो विद्रूप करून त्यावर टाकले होते. "घरी आले तरी फोनमध्ये तेच असतं हो, काकू. निम्मी शाळा कमेंट करते."

"रड. मी हाय इथं. पर आज तुला एकटी सोडायची नाय. आईला दोघी मिळून सांगू."

द्वारकाबाईंनी आईला फोन लावला; ती ऑफिसातून धावत येईपर्यंत दोघी सोसायटीच्या जिन्यात बसून राहिल्या. ऐकून आई हादरलीच. "तो फोनच फेकून देते!"

"ताई, फोनचं मागून बघू," द्वारकाबाई म्हणाल्या. "आधी तिला जवळ घ्या."

दुसऱ्याच दिवशी आईनं तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. शाळेनं ते अकाउंट बंद करायला लावलं. व्हॅनमधल्या त्या तिघींपैकी दोघींनी माफी मागितली, तिसरीनं नाही.

वल्लरी एकदम बरी झाली नाही. एखादी सकाळ जडच उगवते. तशा दिवशी ती पुढच्या सीटवर येऊन बसते.

"काकू, आज काही विचारू नका. नुसतं चला."

"बरं," म्हणून द्वारकाबाई गिअर टाकतात.