बिनखिशाचं जाकीट

माझी थोरली जाऊ हुकूमशहा आहे, हे मी तिच्या तोंडावर म्हणत आले आहे. घरात टेबलाशी कुणी कुठे बसायचं, तेही तीच ठरवते. पण आमच्या शिवणकारखान्यात ती हुकूमशहा होता होता राहिली, त्याची ही गोष्ट. माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण खोटं बोलायचा मला कंटाळा आहे, तेव्हा ऐका.

कारखाना म्हणजे एक लांब खोली, भिंतीलगत शिलाई मशिनी, मधोमध कापड कापायचं टेबल, आणि मागे पडद्याआड इस्त्रीची जागा. मालक गाशा गुंडाळून निघाला आणि मशिनी आम्हालाच देऊन गेला, तेव्हा आम्ही सगळ्या जणी दाराशी उभ्या राहून रडत होतो. ताई, म्हणजे हीच माझी जाऊ, तेवढी रडली नाही. "झालं असेल रडून, तर बसा," ती म्हणाली. "शाळेचे गणवेश अर्धे पडलेत." त्या दिवसापासून कारखाना आम्हा बायकांचा, सगळ्यांचा सारखा, आणि ताई आमची अध्यक्ष. गळकं छप्पर तिनं बदलून घेतलं, तान्ह्या मुलांसाठी कोपऱ्यात पाळणे टांगले, कापडवाल्याशी तासन्‌तास हुज्जत घालून त्याला घाम फोडला. काम करावं तर तिनंच.

नियमही तिनेच केले. अध्यक्षानं दोनदा निवडून यायचं, तिसऱ्यांदा नाही. "मालक का बिघडला? त्याला ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून," असं ती म्हणायची. आधी आम्ही हात वर करून मत द्यायचो. तेही तिनं बंद केलं. "हात वर करा म्हटलं की सगळ्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात. हे मत नव्हे, ही कवायत झाली!" मग बटणं आली. प्रत्येकीला एक पांढरं, एक काळं. हो म्हणायचं तर पांढरं पिशवीत टाकायचं, नाही म्हणायचं तर काळं. उरलेलं बटण परत डब्यात.

मोजायचं काम इस्त्रीवाल्या काकांकडे. कारखान्यातला एकुलता एक पुरुष, सभासद नाही, म्हणून मत नाही. गरीब गाय! त्यांची बायको आजारी होती तेव्हा ताई रोज डबा घेऊन जायची, त्यामुळे ताई म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

तर ताईची दुसरी खेप संपत आली आणि भर सभेत कटिंगवाली उठली. "तो दोनदाचा नियम काढून टाका. ताईंना तहहयात अध्यक्ष करा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी ताईकडे बघत होते. ती "अगं, कशाला उगाच" म्हणाली, पण कान लालेलाल झाले होते. तिला हवं होतं. का नसावं? आयुष्य घातलं होतं तिनं त्या खोलीत.

मी उभी राहिले. "मी काळं टाकणार. आत्ताच सांगून ठेवते."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" कटिंगवाली किंचाळली.

"मोजणारच! वासे कुजले तर छप्पर तुझ्याही डोक्यावर पडेल, बाई. उद्या ताईचा पाय मोडला तर कापडवाल्यासमोर कोण जाणार? तू? तू तर त्याला बघून लपतेस."

त्यानंतर घरी ताईनं माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तर माझ्या नवऱ्याला सांगायची, "भावोजी, तिला म्हणावं मीठ दे." आणि मीठ माझ्या हाताशी! माझ्याही नाकावर राग, मी पण ढिम्म हलले नाही.

मतदान झालं. काका पिशवी आणि बटणांचा डबा घेऊन पडद्याआड गेले. गलबल्यात मोजताना चुकतं म्हणे. बाहेर आले, मोजलेल्या बटणांचं ताट टेबलावर ठेवलं. "सगळी पांढरी. काळं एकच."

झालं! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कटिंगवालीनं टाळ्या सुरू केल्या. ताई मात्र उठून ताटाशी आली आणि बघतच राहिली.

"धाकटे, काळं तू टाकलंस?" किती दिवसांनी थेट माझ्याशी बोलली!

"टाकलं. इतके दिवस घसा कोरडा करून सांगतेय."

"मग माझं कुठे गेलं?"

टाळ्या थांबल्या. "मीही काळंच टाकलं होतं," ताई म्हणाली. "काका?"

काकांची पाचावर धारण बसली. जाकिटाच्या खिशात हात गेला आणि मूठभर काळी बटणं टेबलावर आली. "बाई, तुमच्याविरुद्ध इतकी मतं... सांगायला जीभ रेटेना. काळी काढली, डब्यातली पांढरी घातली. धाकट्या बाईंचं तेवढं राहू दिलं, ते सगळ्यांना माहीतच होतं."

बटणं पुन्हा मोजली, सगळ्यांसमोर. काळी निम्म्याहून जास्त निघाली. कटिंगवाली मान खाली घालून आपली टेप गुंडाळत बसली होती, आणि मला जे कळायचं ते कळलं: तिचंही काळंच.

ताईचे डोळे भरून आले. "एवढ्या जणींना मी नको झाले? एकीनं तरी तोंडानं सांगायचं!"

काज-बटण करणारी म्हातारी आजी म्हणाली, "हवीस गं तू. कायमची नकोस. आणि सांगायची भीती वाटली, खोटं कशाला बोलू?"

हे मात्र ताईला फार लागलं. तिला घाबरतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. मला वाईट वाटलं. मी तिचा हात धरला. "आणि तुम्ही का टाकलंत काळं?"

"टाळ्या ऐकून कान गरम झाले ना, तेव्हाच घाबरले. नको म्हणावं तर तोंडून शब्द फुटेना. बोटांनी तेवढं केलं."

काका म्हणाले, "मी काम सोडतो."

"कुठे जाता?" ताईनं डोळे पुसले. "वैऱ्यानं चोरी केली असती तर कधीच पकडली असती. तुमच्यावर कुणाचं लक्षच नव्हतं, आम्हीच कुंपणाला शेत राखायला सांगितलं. काढा ते जाकीट."

काकांनी मुकाट्यानं काढलं. ताई मशिनीवर बसली आणि तिनं खिसे शिवून टाकले. बाहेरचे दोन, आतला एक, वर घट्ट दुहेरी टीप. मग पडदा ओढून काढला आणि त्याची पाळण्यांसाठी पांघरुणं केली. तेव्हापासून आमच्याकडे मतं सगळ्यांसमोर मोजतात, आणि मोजणाऱ्यानं ते जाकीट घालायचं, उन्हाळा असो की हिवाळा. घाम पुसायला काकांचा रुमाल हल्ली खांद्यावर असतो.

नवी अध्यक्ष निवडायला पुन्हा बटणं, प्रत्येक उमेदवाराचा रंग वेगळा. मीही उभी राहिले होते, हसू नका. माझा रंग लाल. काकांनी पिशवी उलटी केली. काज-बटणवाली आजी दणदणीत निवडून आली. लाल बटणं दोन.

एक माझं. दुसरं कुणाचं ते विचारायला मी त्या दिवशी जेवताना तोंड उघडलं, तेवढ्यात ताई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "धाकटे, मीठ दे."