आबा मुंबईला गेला नाही

"बस गं खाली. भाषण संपलं की जिलबी मिळणारच आहे तुम्हाला. तोवर दम धर."

डॉक्टर माईकवरून बोलले. सगळा हॉल हसला. मी तेव्हा दहावीला होते.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमची वाडी मिरजोळ्याची, बौद्धवाडी. आबाचे, म्हणजे माझ्या बापाचे, गुडघे चिरेखाणीत कामातून गेलेले. रत्नागिरीच्या या बड्या डॉक्टरांनी सांधेदुखीची नवी गोळी वाडीत फुकट वाटली. गावातल्या वरच्या आळीत का नाही वाटली, हे विचारायची अक्कल आम्हाला नव्हती. गोळी अजून पारखायची आहे, हेही कुणी सांगितलं नाही.

आबाच्या पोटात आग पडायला लागली. आये त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

"दारू सोड म्हणावं," डॉक्टर म्हणाले.

माझा बाप दीक्षा घेतलेला. दारूला शिवत नव्हता. गोळ्या खातच राहिला, डॉक्टरांनी दिल्यात म्हणून. मग रक्ताची उलटी झाली आणि गेला. आबा गेल्याचा निरोप डॉक्टरांना आयेनेच दिला होता.

पुढे गोळीचा निकाल सांगायला शहरात समारंभ झाला. बरे झालेले पुढे, गळ्यात हार. आम्ही पाठच्या बाकांवर. डॉक्टर म्हणाले, "ज्यांनी गोळी पुरी घेतली, ते सगळे बरे झाले. काहींनी मध्येच सोडली. मुंबईला गेले. कोकणी माणूस, दुसरं काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले. "माजा आबा मुंबयला गेला न्हाय. तुमची गोळी खाऊन मेला."

तेव्हा ते जिलबीचं बोलले. आये पदर ओढत होती. मी बसले नाही. दोघांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं.

बाहेर आये म्हणाली, "बाय, मुंबयला गेला म्हंतात तर म्हनू दे. ऐकाया बरा वाटता."

मला रडू आवरेना.

मुंबईला गेलेला माणूस जयंतीला घरी येतो. त्या वर्षीही एस्टी आली. वाडीतल्या पोरींचे बाप उतरले, ट्रंका उतरल्या. आये दारात उभी होती. एस्टी रिकामी होऊन निघून गेली तरी आत येईना.

तिला तसं बघितलं आणि मी ठरवलं. त्या गोळीचं कौतुक जिथं चालेल तिथं जायचं आणि उभं राहायचं. हसू देत. दंडाला धरू देत. माझा बाप त्यांच्या निकालात मेलेला म्हणून लागेपर्यंत मी खाली बसणार नाही.