गिरीपुंजेची सासू अन् सहा पिवळ्या कानटोप्या

पंकज, आता जे सांगून राहिलो ते शंभर टक्के खरं आहे. पोराची शपथ! थांब, पोराची नको, त्याले आधीच सर्दी आहे. गिरीपुंजेची शपथ घेतो, त्याले काही होत नाही. अन् शंभर टक्के म्हणजे नव्वद धर. दहा टक्के सांगता सांगता हवेत उडते.

बस ना बे! माझी पाळी दोनची, आता सव्वा वाजला. तुझी तं आज सुट्टी. तू प्लँटमध्ये नवीन लागला, लग्न नाही, पोट्टं नाही, रोज आठ तास झोपतो. तुझं तोंड पाह्यलं का मले जळफळाट होते. म्हणूनच तुले सांगणं जरुरी आहे.

नवरा-बायको दोघंही ड्युटीवर असले का घरात किस्से धुण्यासारखे साचते. आज धुऊ, उद्या धुऊ म्हणता बकेट भरते, अन् मंग कोणाच्या तरी डोक्यावर पालथी करा लागते. आज तू भेटला.

आधी सिस्टिम समजून घे. माझी बायको प्रणाली करडीच्या दवाखान्यात सिस्टर आहे. तिची सकाळची ड्युटी असली का माझी दुपारची. माझी सकाळची असली का तिची दुपारची. मधात पोट्टं. ते या हातातून त्या हातात द्यायची जागा म्हणजे हे वरठीचं रेल्वे फाटक अन् हा चहाचा ठेला. नवरा-बायको दोघंही ड्युटीवर, असे आमी तीन घरं आहो. फाटक बंद असलं का बायको तिकडं, नवरा इकडं, अन् गेटमन ओरडते, "पार्सल दांड्याखालून द्यायचं नाही! गाडी जाऊ द्या!"

आताही बंदच आहे. प्रणाली तिकडं अडकली असन. माझे या महिन्यात दोन लेट मार्क झाले. तिसरा लागला का साहेब महिनाभर रात्रपाळीले टाकते, अन् पुढच्या महिन्यात प्रणालीच्याही रात्रीच्याच ड्युट्या लागल्या आहे. मंग पोट्टं कोण पाहन? म्हणून माझा एक डोळा घड्याळात आहे. तू लक्ष नको देऊ, पोहे खा. काका, या पोट्ट्यालेही प्लेट दे एक, आपल्या हातानं खाते तो. पाह्य, कसा बसला मांडीवर चूपचाप!

* * *

पहिला प्रणालीचाच.

आमचा कबीर अडीच वर्षाचा. त्याचं तोंड उघडणं म्हणजे बँकेचं लॉकर उघडणं. प्रणाली रोज चमचा हवेत फिरवते, "आऽऽ कर, विमान आलं, घुंऽऽ, उतरलं!" अशी अर्धा तास विमानतळ चालवते, तवा चार घास जाते.

एक दिवस तिची रातभर झोप नाही झाली. दवाखान्यात सत्तर वर्षाचे एक म्हातारबा भरती होते. मिशा अशा का समोर उभं राहायची भीती वाटन! प्रणालीनं औषधाचा चमचा भरला अन् अर्ध्या झोपेत म्हणे, "आऽऽ करा बाबा, विमान आलं, घुंऽऽ!"

सारा वार्ड उठून बसला.

म्हातारबानं तोंड उघडलं. औषध घेतलं. मिशी पुसली.

दुसऱ्या दिवशी प्रणालीची सुट्टी. दुसरी सिस्टर चमचा घेऊन गेली तं म्हातारबा भिंतीकडं तोंड फिरवून पडले.

"इले येत नाही," म्हणे.

"काय येत नाही बाबा?"

"विमान!"

आता त्या वार्डात सर्वायलेच विमान येते. मले मागं ताप आला होता. मी आऽऽ करून बसलो. प्रणाली म्हणे, "गोळी टेबलावर आहे, घ्या." मले आजपर्यंत एक विमान आलं नाही!

* * *

आपल्या इथं रक्तदान शिबिर होते, तुले माहीत असन. पहिले लोक त्या दिवशी लपून बसे. मंग लताताईनं शोध लावला.

लताताई म्हणजे स्टोअरवाल्या. घरी दोन पोरी, नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. त्या म्हणे, "अरे, रक्त दिलं का पंधरा मिनिटं झोपू देते. बिस्किट देते. अन् कोणी पाठीवर चढत नाही!"

पुढच्या शिबिरात लायनीत सगळ्यात पुढं आमीच. मी खाटेवर पडलो अन् सुई टोचायच्या आधीच घोरून राहिलो. बाटली भरली तरी उठलो नाही, डॉक्टरले वाटलं बेहोश झाला, त्यानं तोंडावर पाणी मारलं.

"कसं वाटते?"

"लय मस्त! अजून एक बाटली घ्या ना."

"तीन महिने घेता येत नाही."

बाजूच्या खाटेवरून लताताई डोळे मिटूनच म्हणे, "डॉक्टर, माझं हळूहळू काढा. काही घाई नाही."

तिसऱ्या खाटेवर गिरीपुंजे. आमच्याच प्लँटमधला, पोट्टंही कबीरच्याच वयाचं. तो पाच मिनिटात उठला, बिस्किटही तसंच ठेवलं. म्हणे, "मी तं घरूनच झोपून आलो."

आमी दोघं त्याच्याकडं पाहतच राहिलो. त्या दिवसापासून तो आमच्यातला माणूस नाही राहिला.

* * *

कारण काय, तं सासू!

गिरीपुंजेची सासू सानगडीहून आठ दिवसासाठी आली होती, शौर्य झाला तवा. शौर्य म्हणजे त्याचा पोट्टा. हातात एक पिशवी घेऊन आली. त्या आठ दिवसाले आता अडीच वर्ष झाले. पिशवी खुंटीवरच आहे, म्हणजे आठ दिवस अजून चालूच आहे.

ही सासू, आमची मावशी, पोट्टं पाहते, सैपाक करते, जावयाले डब्बा देते. त्याच्या डब्ब्यात कधी पाटोडी, कधी सांभारवडी. माझ्या डब्ब्यात पोळी, कबीरनं मधातून चावलेली! दाताचे निशाण पाहून सांगतो, पोळी सोमवारची का मंगळवारची. अन् गिरीपुंजे वरून गरीब तोंड करून म्हणे, "काय करू, सासूबाई ऐकतच नाही ना."

ऐकतच नाही! मले वाटे, डब्ब्यासकट याले भट्टीत टाकावं.

मंग मी मावशीले फोन केला. एकदम गंभीर आवाजात. "मावशी, सांगू नये, पण तुमचा जावई लाजते. त्याच्या पोटाले आता तिखट सोसत नाही. साधं पातळ काही दिलं तं बरं."

दुसऱ्या दिवशी डब्ब्यात मुगाची पातळ खिचडी. सोबत शौर्यचा चमचा, दांडीवर हत्ती असलेला. मी समोर बसून पोळी खाल्ली, तोंडावरची माशी नाही हलू दिली.

महिनाभर खिचडी! सासूले विचारायची गिरीपुंजेची हिंमत नाही. त्याले वाटलं, सासूबाई नाराज आहे. म्हणून तो पाच वाजता उठून आंगण झाडे, पाणी भरे, सासूले गाडीवर बसवून बाजारात ने, आल्यावर चहा करून हातात दे.

झालं काय? मावशी धानाच्या रोवण्यासाठी सानगडीले परत जाणार होती, ते तिनं कॅन्सल केलं. "असा जावई सोडून कुठं जाऊ?" म्हणे. अन् खिचडीनं याचं पोट आत गेलं, सिनेमातल्या हिरोसारखा दिसून राहिला. बायको खुश, सासू खुश, साहेबही म्हणे, "काय गिरीपुंजे, तब्येत केली!"

अन् मले काय भेटलं? पोळी. मधातून चावलेली.

* * *

लताताईचा एक आहे, छोटासा.

स्टोअरमध्ये त्यायचा नियम तुले माहीत आहे. चिठ्ठीशिवाय नटही भेटत नाही. साहेब आला तरी, "चिठ्ठी आणा, सामान न्या." तोच नियम त्यायनं घरी लावला. बिस्किट पायजे, चिठ्ठी. पेन्सिल पायजे, चिठ्ठी. कोणती पोरगी काय घेऊन गेली, दिवसभर घरी नसलं तरी समजते म्हणे.

एक दिवस ताईनं डब्बा उघडला तं झाकणात चिठ्ठी. मोठ्या पोरीची, तिसरीतल्या.

"सामान: मम्मी. नग: एक. कशासाठी: रविवार."

आमी लय हसलो. ताईही हसल्या. मंग ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत बसल्या, लय वेळ. सापडत नसन.

मी विचारलं, "मंग ताई, दिलं का सामान?"

"अर्धा नग दिला," त्या म्हणे. "दुपारून ड्युटी होती."

कबीरले अजून लिवता येत नाही हे बरं आहे. त्यानं चिठ्ठीत मीही मागवलो नसतो अन् प्रणालीही नाही. गिरीपुंजेची सासू मागवली असती!

* * *

दीड वाजून गेला. मालगाडी अजून येऊनच राहिली. बस बे, आता तं खरा किस्सा आहे!

या थंडीत मी बाजारातून सहा कानटोप्या घेतल्या. सगळ्या पिवळ्या, एका मापाच्या. दोन लताताईच्या पोरीयले, एक शौर्यले, एक कबीरले, एक ह्या ठेलेवाल्या काकाले, एक मले. मले वाटलं आपण लोकायचं भलं करून राहिलो.

त्या हप्त्यात मावशी लग्नाले सानगडीले गेली. दोन दिवस. गिरीपुंजे जिंदगीत पहिल्यांदा फाटकावर पोट्टं घ्याले आला. माझी अन् त्याची सकाळची पाळी, बायका दोघींची दुपारची ड्युटी. त्या आमच्या आधी येऊन गेल्या. दोन्ही पोट्टे झोपले होते, म्हणून शालीत गुंडाळून ह्याच बाकावर ठेवले, काका पहाऱ्यावर. दोनले आमी सुटलो. इकडं फाटक उघडून राहिलं. उघडलं का हॉर्न वाजन, हॉर्न वाजला का पोट्टं उठन. मी घाईनं एक पिवळी टोपी उचलली. गिरीपुंजेनं दुसरी उचलली.

घरी आलो, शाल सोडली, तं आत शौर्य!

मी मोबाईल काढला. नंबर लावणार, तेवढ्यात तो उठला. इकडंतिकडं पाह्यलं अन् म्हणे, "काका, हात धुऊ?"

मी मोबाईल खाली ठेवला. म्हटलं, पाच मिनिटं.

त्यानं भात खाल्ला. पालकाची भाजी खाल्ली, आपल्या हातानं! ताट उचलून मोरीत ठेवलं. म्हणे, "काका, झोपू?" अन् झोपला. मी भांडे घासले. कपडे धुतले, मागच्या हप्त्याच्या घड्या घातल्या. मंग मीही झोपलो. दिवसा! साडेपाचले जाग आली तं पहिले कळेच ना, मी कोणाच्या घरी आहो.

मोबाईल पाह्यला. गिरीपुंजेचा एक मिस कॉल नाही.

तवा माझं डोकं फिरलं. त्याच्याजवळ कबीर आहे. कबीर! जो तीन तासात घर पाडते! अन् याचा फोन नाही? म्हणजे माझं पोट्टं तिकडं चांगलं वागून राहिलं! माझ्याजवळ एक दिवस नाही वागलं, अन् त्याच्याजवळ वागून राहिलं! मीही फोन नाही केला. पहिले तो करन, मंग मी.

संध्याकाळी प्रणाली आली. भांडे चमकून राहिले. कपड्याच्या घड्या. पलंगावर दुसऱ्याचं पोट्टं. तिनं माझ्याकडं पाह्यलं, पोट्ट्याकडं पाह्यलं, सैपाकघराकडं पाह्यलं. खुर्चीवर बसली. मंग हळूच म्हणे, "कबीरचे पप्पा, सकाळी नेऊन दिला तं?"

"अवं, आपला पोट्टा तिकडं आहे!"

"हो ना," ती म्हणे, "म्हणूनच म्हणून राहिली."

अन् पाच मिनिटात तीच चप्पल घालून दारात उभी. "चला लवकर. बसले काय?"

गिरीपुंजेच्या घरी गेलो तं मावशी दुपारीच परत आलेली, लग्नातलं जेवण आवडलं नाही म्हणे. तिच्या मांडीवर कबीर. अन् खाऊन काय राहिला? वांगं! ज्या वांग्याले आमच्याकडं विमानही उचलत नाही!

मावशी म्हणे, "माय, किती गुणाचा पोट्टा हाये! आमचा शौर्य तं सांगाच्या आधी खाते, सांगाच्या आधी झोपते. मले कामच नाही ठेवलं त्यानं. हा कसा, नाही म्हणते, पळते, मंग मनवा लागते. लय मजा आली बाई!"

गिरीपुंजेनं मले कोपऱ्यात घेतलं. "शौर्यनं तुझ्याकडं काही जिद्द केली का बे? काही फेकलं, फोडलं?"

"नाही."

त्याचं तोंड उतरलं. "मले वाटलं, परक्याच्या घरी तरी करन."

कबीर काही मावशीचा पदर सोडेना. प्रणालीनं हात पुढं केले तं भोकाड पसरलं त्यानं. शेवटी ओढूनच आणला. घरी आली अन् मी घासलेली कढई घेऊन परत घासत बसली.

लय वेळानं म्हणे, "मावशी वांगं कसं कापते? लांब का गोल?"

"मले काय माहीत?"

"पाहून ठेवा लागत होतं ना!"

* * *

झाले पावणेदोन. दांडा अजून खालीच. चल, किस्से संपले. आता काढ!

पैसे नको बे, चहा-पोह्याचे मी दिले. याले धर. प्रणाली आली का तिच्या हातात दे. नाही काय? पाच किस्से फुकटात ऐकले का? नव्वद टक्के खरे होते! मी पळालो तं दोनच्या आत गेटात पोचतो.

घाबरू नको, तो रडत नाही. भूक लागली तं "हात धुऊ?" म्हणून विचारन.

कबीर? कबीर कायले असन बे? कबीर मावशीकडं आहे. हा शौर्य. सोमवार ते बुधवार अदलाबदल.

धर. दोन्ही हातानं!