बहात्तर तासांनी लागू

सदस्याचे नाव: वेंडेल कुबिचेक. वय एकाहत्तर. मुक्काम विल्बर, राज्य नेब्रास्का. व्यवसाय: शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक, निवृत्त. ओढणारे वाहन: पिकअप, एक. ओढले जाणारे वाहन: चोवीस फुटी ट्रेलर, आत पलंग, शेगडी, फ्रिज व बशांचे कपाट. सदस्यासोबत प्रवास करणारी व्यक्ती: पत्नी लॉर्ना. यापूर्वी रस्त्यात मदत मागावी लागली आहे काय: होय.

‘होय’पुढे तपशिलासाठी दीड ओळ जागा होती. सदस्याने ती कोरी ठेवली.

तपशील असा, की दोन वर्षांपूर्वी पिकअप हायवेवर बंद पडली. बंद गाड्या ओढून नेणारा टोइंगवाला आला आणि त्याने सांगितलं की तुमच्या रस्त्यावरच्या मदतीच्या योजनेत गाडी आहे, ट्रेलर नाही. वेंडेल गाडीबरोबर निघून गेला, कारण कागद त्याच्या नावावर होते. लॉर्ना चार तास रस्त्याच्या कडेला ट्रेलरमध्ये बसून राहिली.

तो परतला तेव्हा ती म्हणाली, “एकेक ट्रक गेला की सगळं घर हलत होतं. कपाटातल्या बशा खाली आल्या.”

“कडी नीट लावली नसशील,” वेंडेल म्हणाला.

त्यानंतर ट्रेलर दोन वर्षं अंगणातून हलला नाही.

आता टॉरिंग्टनला लॉर्नाच्या थोरल्या बहिणीचा, बेवचा, ऐंशीवा वाढदिवस होता. शनिवारी दुपारी बाराला जेवण. वाट दोन दिवसांची, आणि मोटेलातल्या परक्या उशांवर लॉर्नाला झोप लागत नाही. म्हणजे ट्रेलर नेणं आलं.

“दोन्ही उचलून नेतील, असं लिहिलेला कागद आण, मग येते,” ती म्हणाली. “नाहीतर तू एकटाच जा आणि बेवला सांग की मी कडी लावतेय.”

वेंडेल तीन आठवडे कागद वाचत राहिला. जेवायच्या टेबलावर तीन योजना पसरलेल्या असत, त्यामुळे दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत. पहिली योजना फक्त पिकअप उचलायची. दुसरी दोन्ही उचलायची, पण ट्रेलर पाचच मैल, आणि नेब्रास्कात पाच मैलांवर बहुधा मकाच असतो. तिसरी दोन्ही न्यायची, शंभर मैलांपर्यंत. पण वेंडेलला ती लगेच आवडली, म्हणून त्याला तिचा संशय आला. तो पहाटे उठून पुन्हा पहिली वाचायचा. मदतकेंद्राला त्याने अकरा वेळा फोन केला.

“सर, कालही तुम्हीच होतात ना?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“काल मी टायरचं विचारलं होतं.”

अखेर गुरुवारी दुपारी त्याने तिसरी योजना घेतली. लॉर्नाने कागद चष्मा लावून वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि कोलाचे, म्हणजे मधे फळांचा गर भरलेले गोड पाव, भाजायला घेतले. जर्दाळूचे, बेवच्या आवडीचे. संध्याकाळी ती ट्रेलरच्या मागे उभी राहिली आणि वेंडेल पुढे बसून एकेक दिवा लावत गेला.

“डावा!” ती ओरडली. “उजवा! ब्रेक! अरे, दाबलास का?”

“दाबलाय!”

“मग लागलाय!”

दोन वर्षांत ती इतकी खुशीत ओरडली नव्हती.

रात्री वेंडेलने नियमपुस्तिका पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. कलम अकरा: सेवा नोंदणीपासून बहात्तर तासांनी लागू. म्हणजे रविवारी दुपारी. तीन आठवडे तो किती मैल, किती वजन, किती टायर हे पाहत होता. कधीपासून, हे पाहायचं राहून गेलं. त्याने पुस्तिका मिटली आणि बायकोला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी ते निघाले. वेंडेलला प्रत्येक आवाज ऐकू येत होता. ओगलालाच्या मुक्कामात तो चार वेळा उठून हूक तपासून आला.

“आता तर कागद आहे ना?” लॉर्ना पांघरुणातून म्हणाली. “झोप की.”

“कागद आहे,” तो म्हणाला. हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त टोचलं.

शनिवारी सकाळी टॉरिंग्टन अठरा मैलांवर असताना पिकअपच्या इंजिनाचा पाण्याचा पंप गेला. त्याचा आवाज तासभर येत होता; पण वेंडेल दोन दिवस सगळेच आवाज ऐकत होता, त्यात खरा कोणता ते त्या अनुभवी मेकॅनिकला कळलं नाही.

गाडी कडेला थांबली. लॉर्नाने शांतपणे पर्स उघडली. “हं, लाव फोन.”

“लॉर्ना, तो कागद उद्या दुपारपासून चालतो.”

तिने पर्स मिटली. “कधी कळलं तुला?”

“गुरुवारी रात्री.”

“आणि मी काल रात्री ‘कागद आहे ना, झोप’ म्हणत होते.”

त्याने टॉरिंग्टनच्या एका गॅरेजला रोख पैशांवर बोलावलं. टोइंगवाला टेट आला, पिकअपभोवती फिरला, म्हणाला, “ही आत्ता नेतो. ट्रेलर ओढायची गाडी दुसरीकडे गेलीय, तीनच्या आत येणार नाही. आणि माझ्याशेजारी एकच जागा आहे. मालकांनी यावं, सह्या लागतील.”

लॉर्ना ट्रेलरच्या पायरीकडे वळलीसुद्धा होती. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. ते वेंडेलने पाहिलं: अकराला दहा मिनिटं कमी.

“सह्या ती करेल,” तो म्हणाला. त्याने फ्रिजमधून कोलाचेचा डबा आणून तिच्या हातात दिला, वर किल्ली ठेवली. “बेवच्या दारापर्यंत सोडा हिला.”

“अरे, पण पिकअप तुझ्या नावावर आहे.”

“असू दे. चढ. बारा वाजतील.”

ती चढली. काच खाली करून म्हणाली, “कडी लाव नीट.”

गाडी दिसेनाशी झाल्यावर वेंडेल आत गेला. कपाटाची कडी त्याने लावली, ओढून पाहिली, पुन्हा लावली आणि पलंगाच्या काठावर बसला. सदस्य: एक. ओढणारे वाहन: नाही. सेवा: उद्यापासून.

दुसरा ट्रक गेला तेव्हा बशा खाली आल्या.