आधी तिची झडती घ्या

भरलेल्या हॉलात माझ्या वेण्या सोडल्या. शहरात औरंगपुऱ्यातल्या एका शाळेचा हॉल. ओळीनं टेबलं, त्यावर बुद्धिबळाचे पट, आणि सगळ्यांचे डाव थांबलेले. सगळे माझ्याकडं बघत होते. एक बाई माझ्या केसांत बोटं फिरवत होती. कानाची पाळी ओढून तिनं आत मोबाईलचा उजेड टाकला. स्वेटर काढून झटकला. डबा उघडून चपात्यांच्या घड्या उलगडल्या. चपातीत काय असणार? तरी उलगडल्या.

काही सापडलं नाही. बाईनं तेलाचे हात रुमालाला पुसले आणि रुमालाकडं असं बघितलं, की आता तो धुऊन चालणार नाही, टाकायलाच लागंल.

मी नववीत होते. जिल्ह्याच्या संघासाठी मुलींची निवड होती. मी फुलंब्रीची. माझे वडील फुलंब्री ते शहर जीप चालवायचे. पॅसेंजर भरेपर्यंत ड्रायव्हर लोक स्टँडवर पट मांडून बसायचे, त्यांच्यात बसून मी शिकले. माझ्या समोरची मुलगी शहरातली. तिला घरी शिकवायला सर यायचे. तिची आई आयोजकांच्या रांगेत बसलेली असायची. पालकांना हॉलात यायची मनाई होती. पण तिची आई पालक नव्हती, आयोजक होती.

तो डाव मी जिंकत आले होते. तिचा एक हत्ती मारला होता, राजा कोपऱ्यात कोंडला होता. तेव्हा तिनं हात वर केला. पंच आले. मागोमाग आई आली. ती हळू बोलत होती, पण मला ऐकू येईल इतकंच हळू.

"ही सारखी बाहेर जाते. क्लास नाही, सर नाहीत. मग एवढं येतं कुठून? कानात मशीन लावून कुणी चाली सांगतंय का बघा."

पंच माझ्याकडं वळले. "आडनाव काय तुझं?"

माझं नाव टेबलावरच्या कागदावर होतं. आडनावासकट. तरी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते तिच्या आईकडं बघून पुन्हा म्हटलं. आई "हं" म्हणाली. त्या एका "हं"मध्ये माझा न्याय झाला.

मी म्हणाले, "सर, मी पाणी प्यायला गेले होते. तीबी गेली होती बाहेर. तिची झडती?"

"तिला आम्ही ओळखतो."

मग वेण्या सोडल्या.

परत खुर्चीवर बसले तर पटाशेजारचं माझ्या वेळेचं घड्याळ चालूच होतं. झडती चालली होती तेवढा सगळा वेळ माझ्या खात्यातून गेला होता. मी पंचांना दाखवलं. ते म्हणाले, "वेळ तुझा होता, तू घालवला." मोकळे केस तोंडावर येत होते. चार चाली केल्या आणि वेळ संपला, म्हणजे डाव गेला. समोरच्या मुलीनं हातसुद्धा मिळवला नाही. ती उठून आईकडं गेली.

वडील घ्यायला आले. पंचांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पोरीवर लक्ष ठेवा. वडिलांनी हात जोडले.

"लेकरू हाय साहेब. काय चुकलं असंल तर माफ करा."

काय झालं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. जीपमध्ये बसल्यावर विचारलं. "काय केलंतं?"

"काय नाय केलं."

"मग झडती कशाला घेतील गं उगं?"

केसांत बोटं घातली तेव्हा मी रडले नव्हते. जीपमध्ये रडले. त्या मुलीच्या आईचा संशय माझ्या बापाच्या डोक्यातबी जाऊन बसला होता. गावातबी पोहोचला. शाळेत मास्तर हसत हसत म्हणाले, "मशीन कुठं लपवलं होतं गं?" मैत्रिणी हसल्या.

त्या वर्षी मी बदलले. कुणी कुजबुजलं की माझ्याबद्दलच बोलतात असं वाटायचं. कुणी चांगलं खेळलीस म्हणालं तर त्याचं तोंड बघायचे, हा थट्टा करतोय का. खेळताना जीभ कोरडी पडायची तरी पाण्याला उठायचे नाही. एखादी चांगली चाल सुचली की आधी आजूबाजूला बघायचे, कुणी बघतंय का. चांगलं खेळायची मला भीती वाटायला लागली.

पुढच्या वर्षी तोच हॉल, तेच पंच. मी पुन्हा जिंकत पुढं आले होते. पाचव्या फेरीला बसले तर पंच आले. बरोबर तीच बाई.

"ऊठ. चेकिंग."

"कुणाची तक्रार हाय?"

"तक्रार नाही. मागच्या वर्षीचं तुझं प्रकरण आहे ना, म्हणून."

"मागच्या वर्षी काय सापडलं होतं?"

मी उभी राहिले. "सांगा की सर. सगळ्यांना सांगा, काय सापडलं होतं?"

"आवाज खाली."

मागच्या वर्षीची मुलगी दोन टेबलं सोडून बसली होती. मी बोट दाखवलं. "आधी तिची झडती घ्या. मग बाकीच्यांची. मग माझी घ्या, मी नाय म्हणत नाय."

"खेळायचंय का नाही तुला?"

वर्षभर रोज मनात बोलले होते. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. एवढंच म्हणाले, "खेळायचंय. पण एकटीच्या केसाला हात लावू देणार नाय."

माझ्या समोर शहागंजची एक मुलगी होती. डोक्याला स्कार्फ. मला काढलं तर तिला फुकटचा गुण. मला वाटलं, ही त्याचीच वाट बघतीये. ती खुर्ची सरकवून उभी राहिली.

"सर, मेरी बी लो फिर. स्कार्फ खोलना पडता क्या?"

"तुझं काही नाही. तू बस."

"इसकी लेते, मेरी नहीं लेते. क्यों? और आगे कभी मेरी लिये तो?"

पंच मला म्हणाले, "तुझा डाव बाद." तिला म्हणाले, "गुण तुला."

"मेरेकू नक्को वो पॉइंट."

तरी तो तिच्याच नावावर लागला. ती माझ्याबरोबर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. पुढच्या फेरीला तिच्या घरच्यांनी तिला परत खेळायला बसवलं. मी तिला दोष देत नाही. तेवढं तरी कोण उभं राहिलं?

वडील आले तेव्हा मी आधीच सांगितलं, "आज हात जोडायचे नाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आत जाऊन पंचांना विचारलं, "साहेब, पोरीकडं सापडलं काय, तेवढं सांगा." पंच पाठ करून दुसऱ्या टेबलाकडं गेले. वडील तिथंच उभे राहिले. चहावाला येऊन गेला, लोक बाजूनं गेले. बराच वेळ ते हात खाली सोडून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "काय सापडलं नव्हतं." मला सांगत नव्हते. स्वतःला सांगत होते.

संघात माझी निवड झाली नाही. पुढंबी कधी झाली नाही.

मी पंचाची परीक्षा दिली. आता पंच आहे. आयोजक मला कमी बोलावतात, मॅडम लई कडक आहेत म्हणतात. व्हय, आहे. कोणता पालक कुठं बसलाय, कोण पंचांना बाजूला घेऊन चहा पाजतंय, सगळं बघते. लबाडी होते हे मला माहीत आहे. कानात मशीन घालणारेबी आहेत. झडती घ्यावीच लागते. पण ती दाराशी, सगळ्यांची, सारखी. बंगल्यातल्या पोरीचीबी.

त्या बाईनं, त्या पंचानं, कुणीच मला चुकलं म्हटलं नाही. मी वाट बघत नाही. पण मी पंच असंल तिथं आळ घेणाऱ्यानं आधी उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं. काही सापडलं नाही, तर तेबी त्यानंच सांगायचं, आळ घेतला तेवढ्याच मोठ्यानं. हे मान्य नसंल तर मी फेरी सुरू करत नाय. आयोजक ओरडू देत, पुन्हा नाय बोलावलं तरी चालंल. मी फेरी सुरू करणार नाय.